क्लास झाला, लायसन्स आलं, तरी गाडी रस्त्यावर काढायची भीती जात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला राहता, अ‍ॅक्टिवा वर्षानुवर्षं चालवताय, कारचा क्लास करून परीक्षाही पास झालात. पण सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागून हॉर्न सुरू झाले की हातपाय गळतात, म्हणून गाडी पार्किंगमध्ये उभीच असते. आणि वाईला आईकडे एकदा तरी स्वतः गाडी घेऊन जायचंय.

घरातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणींबरोबर मी शेजारच्या सीटवर बसले आहे, म्हणून आधी एकच विचारते. क्लासच्या गाडीत क्लच तुम्ही दाबत होतात की सर?

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षेसाठी तो हवाच. पण गाडी धडधडायला लागली की सर सवयीने आपला क्लच दाबतात आणि शिकणारीला वाटतं, आपल्याला जमलं. माझ्या जावेचं हेच झालं होतं. क्लासमध्ये तिची गाडी कधी बंद पडली नाही आणि घरची गाडी मात्र गेटपर्यंतही जाईना. आपण मुळातच भित्र्या आहोत असं तिने ठरवूनच टाकलं होतं. खरं तर तिच्या डाव्या पायाची क्लचशी ओळखच झालेली नव्हती. तुमचंही तसंच असावं. पुण्यात इतकी वर्षं दुचाकी चालवणाऱ्या बाईला ट्रॅफिकची समज नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा धीर गोळा करत बसू नका, आधी क्लच पायात बसवा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर एखाद्या सपाट, रिकाम्या जागी जा. आधी सीट लावा. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबावा लागत असेल तर सीट पुढे घ्या, बॉनेट नीट दिसत नसेल तर सीटची उंची वाढवा. पायात सपाट तळव्याची चप्पल किंवा बूट हवेत, सैल किंवा उंच टाचेचं काही नको. ओढणी हँडब्रेकमध्ये अडकणार नाही अशी बांधून घ्या.

मग गाडी सुरू करून पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. डावी टाच जमिनीवर टेकवून क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, स्टेअरिंगला बारीक थरथर जाणवते आणि गाडी पुढे सरकू लागते. तिथेच पाय थांबवा. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी चार-पाच हात पुढे गेली की क्लच पूर्ण दाबून ब्रेक लावा आणि पुन्हा पहिल्यापासून. सपाट जागेवर बहुतेक गाड्या अ‍ॅक्सिलरेटर न देताही अशा चालतात. मध्ये मध्ये थांबून गाडीला विश्रांती द्या, कारण सतत हाफ क्लचवर ठेवलं तर क्लचप्लेट तापते आणि जळका वास येतो.

कारण समजलं की पाय लवकर शिकतो. उभ्या गाडीतही इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं आणि चाकं मात्र थांबलेली असतात. क्लच या दोघांना हळूहळू जोडतो. पाय झटक्यात सोडला तर थांबलेली चाकं इंजिनलाच थांबवतात, म्हणून गाडी झटका खाऊन बंद पडते. तुम्हाला गाडी चालवता येत नाही असा त्याचा अर्थ काढू नका. पाय थोडा लवकर सुटला, इतकंच.

जावेने सकाळभर एवढंच केलं. मैदानातून निघताना गाडी पुढे सरकण्याआधीच तिने सांगितलं, "आता उचलेल." इंजिनचा आवाज तिच्या कानाला कळायला लागला होता. ही खूण आली की मगच रस्त्यावर जा.

सिग्नलला गाडी बंद पडली तर काय करायचं तेही आधी मैदानातच घोकून घ्या. ब्रेकवर पाय घट्ट, क्लच पूर्ण खाली, गिअर न्यूट्रल, चावी, पहिला गिअर, पायाच्या ओळखीच्या जागेपर्यंत क्लच. मुद्दाम गाडी बंद पाडा आणि हे करून बघा. एवढ्याला काही सेकंदच लागतात. पुण्यात सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजतात, ते तुमच्या एकटीसाठी नसतात. मागच्याला तुमची गाडी दिसते आहे, तो येऊन धडकणार नाही. घाईत क्लच सोडला तर मात्र गाडी पुन्हा बंद पडेल. मागच्या काचेवर 'नवीन चालक' असा छोटा कागद लावला तर बरेच जण अंतर ठेवतात, माझा तसा अनुभव आहे.

चढ हा वेगळा धडा. तुमच्या भागात तो टाळता येणार नाही, पौड रोडने चांदणी चौकाकडे गेलात तरी चढ लागतोच. सोसायटीच्या पार्किंगचा उतार दुपारी रिकामा असेल तर तिथेच सराव करा. हँडब्रेक ओढलेला असू द्या, पहिला गिअर टाका, किंचित अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच वर आणा. गाडीचं नाक थोडं उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. गाडी मागे येत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की फ्लायओव्हरवर थांबायची धास्ती निम्मी होईल.

आता रस्ता. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डावीकडे वळताना समोरून येणाऱ्यांना ओलांडावं लागत नाही. सुरुवातीला घराजवळचा असा फेरा निवडा की प्रत्येक वळण डावीकडेच येईल आणि फिरून घरी पोचाल. तोच फेरा रोज, तोच वेळ, गर्दी व्हायच्या आत. त्याचा कंटाळा यायला लागला की सिग्नल असलेलं एक उजवं वळण त्यात घाला. पेठांमध्ये आणि लक्ष्मी रोडला इतक्यात जाऊ नका.

दुचाकीची एक सवय मात्र मोडावी लागेल, ती म्हणजे फट दिसली की पुढे काढायची. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडीची डावी बाजू लांब पडते आणि तिचं जजमेंट उशिरा येतं. रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावा, खाली उतरून किती अंतर राहिलंय ते बघा, परत बसून ती कड बॉनेटवर कुठे टेकलेली दिसते ते लक्षात ठेवा. हे काही वेळा केलंत की तीच तुमची पट्टी होते. आणि डावीकडे वळण्याआधी डावा आरसा बघायचाच. तुम्ही अ‍ॅक्टिवावरून कारच्या डावीकडून किती वेळा पुढे गेला असाल, तशीच कुणीतरी आता तुमच्या डावीकडून येत असते.

शेजारी कोण बसतं, यावर फार अवलंबून आहे. "अगं ब्रेक, ब्रेक!" असं ओरडणारं माणूस कितीही जवळचं असलं तरी नको. बरेचदा ते नवरोजीच असतात आणि ते काळजीपोटीच ओरडतात, पण त्याने पाय दचकतो. पुढच्या चौकात कुठे वळायचं एवढंच वेळेवर सांगणारी मैत्रीण चांगली. अजून लर्निंग लायसन्सवर असलेल्या वाचकांसाठी सांगते, तुमच्या शेजारी लायसन्सवाली व्यक्ती असणं आणि पुढे-मागे लाल 'एल' लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते लायसन्स ६ महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला ३० दिवसांनंतर बसता येतं. तेवढे दिवस सराव करा, ३१व्या दिवशी परीक्षा द्यायची घाई नको.

एवढं करूनही क्लच नकोसाच वाटला तर ऑटोमॅटिक गाडी घ्या, त्यात काही कमीपणा नाही. कारचं लायसन्स दोन्हीला चालतं. फक्त डावा पाय पूर्ण बाजूला ठेवा, उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवा आणि ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते हे लक्षात असू द्या. गडबडीत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाणं हा त्या गाडीतला खरा धोका आहे.

राहिलं वाई. गावातली उजवी वळणं आणि चढ अंगवळणी पडले की जा, पण पहिल्यांदा सरावाचं कुणीतरी शेजारी घेऊन. पहाटेच्या अंधारात नको, उजाडल्यावर निघा. शिरवळला थांबून चहा घ्या, पाय मोकळे करा, कारण पुढे खंबाटकी आहे. घाटात चढताना भरलेल्या ट्रकच्या मागे चिकटून राहू नका, तो थांबला तर थोडा मागे येऊ शकतो. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये कधीच टाकू नका. इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून लागेनासे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच खाली या, मागचा हॉर्न देत असेल तर त्याला जाऊ द्या. सुरूर फाट्याला वळलात की वाई जवळच आहे. परतीचा प्रवास दिवसाउजेडी पुरा होईल असं बघा, किंवा सरळ आईकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.