प्रश्न: पाचव्या महिन्यात सुशी खाल्ली गेली, आता काय करावे?

तुम्ही विचारले आहे की, पाचवा महिना चालू असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला सुशीचे चार तुकडे खाल्ले गेले, त्याने बाळाला अपाय होईल का, आणि जपानमध्ये गरोदर बायका सुशी खातातच, तर मग आपण पुढे खाल्ली तर काय बिघडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कच्च्या माशाची सुशी बाळंत होईपर्यंत बंद ठेवा. शिजवलेल्या माशाची किंवा भाज्यांची सुशी डोळ्यांसमोर ताजी केलेली असेल, तर खुशाल खा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या चार तुकड्यांत काय होते यावर ठरेल, आणि नेमके तेच तुम्ही लिहिलेले नाही. ‘सुशी खाल्ली’ एवढेच लिहिले आहे. या दोन शब्दांपायी मी नऊ वर्षे बोलणी खात आले आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

जुलै २०१६ मध्ये मला सातवा महिना होता. आम्ही माहीमला राहतो, आणि माझे कार्यालय तेव्हा लोअर परळला होते. एका सहकाऱ्याला निरोप देण्यासाठी आम्ही सातआठ जण जवळच्या जपानी उपाहारगृहात गेलो. मी हिशेबतपासणीच्या पेशातली आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय आणि कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवण्याची मला सवय नाही. वाढप्याला प्रत्येक पदार्थाबद्दल दोनदा विचारून मी तीनच गोष्टी मागवल्या: उनागी, म्हणजे भाजून वर गोडसर सॉस लावलेली वाम, तळलेल्या कोळंबीचा रोल, आणि काकडीची माकी, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भाताचा रोल. शेजारच्या ताटलीतल्या नारिंगी सॅमनकडे मी नुसते पाहिले. सांगायचे एवढेच की, त्या दुपारी माझ्या पोटात कच्च्या माशाचा कणही गेला नाही. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हेच. सुशी म्हणतात ती व्हिनेगर घातलेल्या भाताच्या पदार्थांना, मग त्यावर मासा असो, अंडे असो की काकडी. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात.

तिसऱ्या दिवशी रात्री मला हुडहुडी भरून १०२ ताप चढला आणि उजव्या कुशीतून पाठीकडे कळ येऊ लागली. दादरच्या एका प्रसूतिगृहात दाखल केल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, “बाहेरचे काय खाल्ले होते?” मी म्हणाले, “सुशी, पण शिजवलेली.” केसपेपरवर मात्र ‘कच्चा मासा खाल्ला आहे’ एवढेच उतरले. तो केसपेपर हातात धरून माझ्या खाटेशी उभ्या होत्या माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते. त्यांनी तो वाचला, आणि मी घरी परतण्यापूर्वी आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांना माझे पथ्य, म्हणजे पथ्याचा अभाव, तोंडपाठ झाला होता.

डॉक्टरांची शंका अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. लिस्टेरिया नावाचा एक जंतू आहे. बहुतेक जंतूंची वाढ फ्रिजमध्ये मंदावते किंवा थांबते. हा मात्र त्या थंडाव्यातही सावकाश वाढत राहतो. गरोदर स्त्रीला त्याची बाधा होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. आईला फ्लूसारखा साधा ताप येऊन जातो, पण जंतू वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो, आणि त्यातून गर्भपात किंवा मृत बाळाचा जन्म असे भयंकर काही होऊ शकते. म्हणून गरोदर बाईला ताप आला आणि तिने कच्चा मासा खाल्ल्याचे कळले, तर रक्ताचे कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, लावून लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू करणे हेच योग्य होते. त्यांनी तेच केले.

दोन दिवसांनी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू सापडला. मला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला होता. गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वरून गर्भाशयाचा दाब पडतो, लघवी तुंबून राहते आणि जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात; उजव्या बाजूला हे अधिक होते, आणि माझी कळही उजवीकडचीच होती. रक्ताच्या कल्चरमध्ये काहीही वाढले नाही. सहाव्या दिवशी मी घरी आले, ऑक्टोबरमध्ये दिवस पूर्ण भरून मुलगी झाली, आणि आता ती मला शुद्धलेखनाच्या चुका दाखवण्याइतकी मोठी झाली आहे. तरीही गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या मुंजीत, भर पंगतीत, वहिनींनी शेजारच्या बाईंना सांगितलेच, “हिने सातव्या महिन्यात कच्चा मासा खाल्ला होता, तो थेट मूत्रपिंडात गेला.” मासा मूत्रपिंडात कसा जातो, हे त्यांना कोणी विचारले नाही.

आता ज्या घरात माझ्यावर हा आळ आला, त्या घरात मला काय खाऊ घातले जात होते तेही ऐका. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस मासे असतात. दिवस राहिल्यापासून दर रविवारी माझ्या पानात सुरमईची सर्वांत जाड तुकडी पडायची, कारण पोटुशी बाईला उत्तम तेच द्यायचे. सासूबाईंची माया खरी होती, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु समुद्रातला पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो, मासा जितका मोठा, शिकारी आणि दीर्घायुषी तितका पारा अधिक, आणि हा पारा तळून, उकळून किंवा तिरफळे घालून कमी होत नाही. तो वार ओलांडतो आणि बाळाच्या घडत्या मेंदूला बाधतो. अमेरिकेच्या सरकारी यादीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत किंग मॅकरेल, शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन आणि बिगआय ट्यूना आहेत. ती किंग मॅकरेल आपल्या सुरमईची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे, आणि शार्क म्हणजे आपली मोरी. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचा रस्सा करतात. तो मलाही पाजला गेला, आणि त्याबद्दल कोणत्याही पंगतीत कोणी कधी चर्चा केली नाही.

म्हणून मासे सोडा असे कृपया समजू नका. हा गैरसमज सुशीपेक्षा अधिक नुकसान करतो. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे स्निग्धाम्ल माशांतून उत्तम मिळते, आणि कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोनतीन वेळा, एकूण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, खावेत असाच सल्ला त्या यादीसोबत दिलेला आहे. तारली, मांदेली, कोळंबी हे सगळे लहान जीव आहेत, ते खा. बांगडाही खा, इंग्रजीत त्यालाही मॅकरेलच म्हणत असल्यामुळे यादी वाचून अनेक जणी घाबरून तो सोडतात, पण वीतभर बांगडा आणि हातभर सुरमई यांत पाऱ्याच्या दृष्टीने फार फरक आहे. मोठी सुरमई आठवड्याचा नेम न करता कधीतरी खावी, आणि मोरी नकोच, हे माझे मत आहे.

जपानच्या दाखल्याबद्दल बोलायचे, तर तो अर्धाच दिला जातो. मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांमार्फत माणसांत उतरला आणि त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. आईला फारशी लक्षणे नसताना बाळ मात्र मेंदूची इजा घेऊन जन्मलेले तिथे पाहिले गेले. त्याच जपानचे आरोग्य मंत्रालय आज गरोदर स्त्रियांना ब्लूफिन आणि बिगआय ट्यूना आठवड्यातून एकदाच, सुमारे ८० ग्रॅमपर्यंत, खाण्यास सांगते. तेव्हा तिथल्या बायका काहीही विचार न करता खातात हे खरे नाही.

राहिला कच्च्या माशाचा प्रश्न. इथे देशोदेशींचे सल्ले जुळत नाहीत: ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आधी नीट गोठवलेल्या माशाची कच्ची सुशी गरोदरपणी चालेल असे म्हणते, मात्र कवचाचे जीव शिजवूनच खा असे बजावते, अमेरिकेत कच्चा मासा नकोच असे सांगतात. मी मुंबईपुरती अमेरिकेच्या बाजूची आहे. आपल्याला वाटते की मासा ताजा असला की झाले. कोळीण कल्ले उघडून दाखवते, ते लालभडक असले की आपण निर्धास्त होतो, आणि कालवणासाठी ते पुरेसेही आहे, कारण पुढे चूल आहे. कच्च्या खायच्या माशात अॅनिसाकिससारखे कृमी असू शकतात आणि त्यांचा पत्ता कल्ल्यांवरून लागत नाही. ते मारायला मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. गोठवल्याने कृमी मरतात, लिस्टेरिया मरत नाही. वसाबीने (सुशीसोबत मिळणाऱ्या हिरव्या तिखट चटणीने), लिंबाने किंवा व्हिनेगरनेही तो भरवशाने मरत नाही. त्यात आपल्याकडच्या सुशीतला सॅमन बहुधा नॉर्वेच्या समुद्रातल्या मत्स्यशेतीतून आलेला असतो (ज्याला इथे इंडियन सॅमन म्हणून खपवतात तो आपला रावस, त्याचा सॅमनशी काही संबंध नाही), आणि विमानापासून तुमच्या ताटलीपर्यंत त्याचा थंडावा कुठे कुठे तुटला हे कोणत्याही बिलावर छापलेले नसते. मे महिन्याच्या दुपारी दुचाकीवरून अंधेरीहून दादरला आलेली कच्ची सुशी मी गरोदर नसतानाही खाणार नाही.

तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या वहिनींनी सुशीवरून माझे धिंडवडे काढले, त्यांनीच नवव्या महिन्यात मला शिवाजी पार्कजवळ प्रेमाने पाणीपुरी खाऊ घातली, भर पावसाळ्यात. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ आपल्या देशात सर्रास आढळते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. कच्च्या माशापेक्षा मुंबईच्या गरोदर बाईने भ्यावे असे हे पाणी आहे. तिसऱ्यांचेही, म्हणजे शिंपल्यांचेही, तसेच: त्या पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. शिजल्यावर ज्यांचे तोंड उघडत नाही त्या टाकून द्यायच्या असतात. आमच्याकडे त्या सुरीने उघडून वाढल्या जातात, कारण माहीमच्या बाजारात तिसऱ्या फुकट मिळत नाहीत.

एक कबुली मात्र द्यायला हवी. शिजवलेली सुशी पूर्णपणे निर्धोक असते असे मी वर सुचवले असेल, तर ते पुरते खरे नाही. ज्या फळीवर आणि ज्या सुरीने कच्चा सॅमन कापतात, त्याच फळीवर उनागीचा रोलही कापला जातो, आणि तिथून जंतू लागू शकतो. म्हणून मागवताना वेगळी सुरी आणि फळी वापरण्यास सांगावे. हा मुद्दा वहिनींनी मांडला असता तर मी निरुत्तर झाले असते. सुदैवाने त्यांना तो नऊ वर्षांत सुचलेला नाही. रोलमध्ये कधीकधी स्मोक्ड सॅमनही घालतात. तो धुराने शिजलेला वाटला तरी बहुधा थंड धुरातला, म्हणजे कच्चाच असतो, आणि लिस्टेरियासाठी बदनाम आहे.

मी डॉक्टर नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. त्या चार तुकड्यांत कच्चा मासा असला तरी एका खेपेने काही होण्याची शक्यता थोडी आहे, तेव्हा रात्र जागून काढू नका. परंतु लिस्टेरियाची लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, क्वचित दोन महिन्यांहूनही अधिक, लागू शकतात. या काळात ताप, अंगदुखी, जुलाब किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखे वाटले, तर घरी वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि काय खाल्ले, केव्हा खाल्ले, कच्चे की शिजवलेले हे स्पष्ट सांगा. लघवीला जळजळ होत असेल तर लाजून तेही लपवू नका. केसपेपरवर काय लिहिले गेले ते स्वतः वाचून घ्या, आणि चुकीचे असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

त्या वाढदिवसाचे बिल मैत्रिणीकडे असेल तर आजच मागून घ्या, त्यावर पदार्थांची नावे असतील. माझ्याकडे माझे आहे. मुंजीहून आल्यावर वहिनींना दाखवण्यासाठी मी ते कपाटातून काढले, तर त्या गुळगुळीत कागदावरची शाई पार उडून गेली होती. तुमच्या बिलाचा फोटो काढून ठेवा.