‘बनणे’ एकच, इंग्रजी क्रियापदे तीन

इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने ‘कन्सिस्ट’, ‘कॉम्प्राइज’ आणि ‘कॉन्स्टिट्यूट’ या तिन्हींपुढे वहीत ‘बनणे’ असा अर्थ लिहिला आहे, तरी मार्गदर्शक वाक्ये खोडतात. मग व्याख्या पाठ करून काय उपयोग?

उपयोग आहे, पण वहीत आहे ती व्याख्या नाही, नुसता प्रतिशब्द आहे. आपले ‘बनणे’ दोन्हीकडून चालते. ‘पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असते’ आणि ‘हायड्रोजन व ऑक्सिजन मिळून पाणी बनते’, दोन्ही बरोबर. इंग्रजीत कर्ता बदलला की क्रियापद बदलते. अख्खी वस्तू कर्ता असेल तर ‘कन्सिस्ट’, आणि पुढे ‘ऑफ’ हवेच. घटक कर्ते असतील तर ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘ऑफ’शिवाय. ‘कॉम्प्राइज’ची चाल ‘कन्सिस्ट’सारखी, फक्त ‘ऑफ’ नको. (‘इज कॉम्प्राइज्ड ऑफ’ छापील मजकुरातही दिसते, पण काटेकोर परीक्षक अडवतात, प्रबंधात टाळा.) ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ मात्र सरळ चूक. त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही.

हे सगळे एका प्रतिशब्दात मावणार कसे? म्हणून पूर्ण वाक्यातली व्याख्या उतरवून घ्यावी. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या १९८७च्या कोबिल्ड कोशाने हीच पद्धत धरली: शब्द व्याख्येतच वापरून दाखवायचा, म्हणजे कर्ता कोण, पुढे काय येते, हे अर्थाबरोबरच कळते. व्याख्येतले शब्दच अडत असतील तर लाँगमनचा कोश बघा. १९७८पासून तो सुमारे २००० सोप्या शब्दांत अर्थ सांगतो.

कोणते शब्द आधी घ्यायचे, यासाठी एव्हरिल कॉक्सहेड यांची विद्यापीठीय लेखनातल्या शब्दांची २०००ची यादी आहे: ५७० शब्दकुटुंबे (म्हणजे एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपे), दहा गटांत, जास्त वापरातली आधी. ‘कन्सिस्ट’ आणि ‘कॉन्स्टिट्यूट’ दोन्ही पहिल्याच गटात. पण ‘कुटुंब’ म्हटले म्हणून अर्थ जुळेलच असे नाही. ‘कन्सिस्टंट’ त्याच घरातला, तरी त्याचा अर्थ सुसंगत किंवा सातत्य असलेला, आणि सुसंगत या अर्थी पुढे ‘विथ’. त्याची नोंद वेगळीच करावी. ‘कॉन्स्टिट्यूट’च्या घरात मात्र आपल्याला आयता आधार मिळतो: ‘कॉन्स्टिट्युअंट’ म्हणजे घटक, ‘कॉन्स्टिट्यूशन’ म्हणजे घटना, आणि हे दोन्ही मराठी शब्द ‘घट्’ या एकाच धातूचे.

‘कॉम्प्राइज’ सातव्या गटात आहे. तोवर पहिल्या दोघांवर भागते.