पेटाऱ्यातले मोडी कागद

प्रश्न : गुहागरच्या आमच्या जुन्या घरात मोडी दस्तांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह आणि काही कॅसेट निघाल्या. विद्यापीठाच्या अभिलेखागाराला द्यायच्या आहेत. तोवर कशा ठेवाव्यात?

उत्तर : दमट कागद उन्हात घालू नका, ठिसूळ होतात. सावलीत, मंद पंख्याखाली सुकवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच, नंतर काढताना अक्षरेही निघतात. रुमालांतला क्रम मात्र मोडू नका. कोणता कागद कशासोबत बांधलेला होता, त्यावरच निम्मा अर्थ लागतो. काचा आडव्या रचल्या की वजनाने तडकतात. एकेक काच वेगळ्या कागदात गुंडाळून कडेवर उभी ठेवा. बुरशी लागलेली कॅसेट वाजवून बघू नका, यंत्रही खराब होते. दानपत्रात प्रताधिकार (कॉपीराइट) कोणाकडे राहणार, हे लिहून घ्या.