बेडूक गोठतो, मग माणूस का नाही?

प्रश्न : अलास्कातील एक बेडूक हिवाळ्यात दगडासारखा गोठतो आणि वसंत ऋतूत पुन्हा उड्या मारू लागतो, असे वाचनात आले. मग मृत्यूनंतर देह गोठवून ठेवला तर पुढे कधीतरी तो जिवंत करता येईल, या क्रायोनिक्सवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य मानावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बेडकाविषयी आपण वाचलेले खरे आहे. उत्तर अमेरिकेतला हा ‘वुड फ्रॉग’ थंडीत पालापाचोळ्याखाली बसून राहतो, त्याच्या अंगातील सुमारे ६५ टक्के पाण्याचा बर्फ होतो, हृदय आणि श्वास दोन्ही थांबतात आणि हातात घेतला तर त्याचे पाय वाकत नाहीत. अलास्कातले बेडूक उणे १८ अंशांपर्यंतची थंडी सोसून सहा महिन्यांहून अधिक काळ असे राहिल्याची नोंद आहे.

खरी गोम मात्र बर्फ कुठे होतो यात आहे. तो त्वचेखाली, उदरपोकळीत, म्हणजे पेशींच्या बाहेर होतो. त्वचा गोठू लागताच काही मिनिटांत यकृत साठवणीतल्या ग्लायकोजेनचे ग्लुकोज करून रक्तात सोडू लागते आणि हृदय बंद पडेपर्यंत ही साखर अवयवाअवयवांत पोचते. रक्तातील साखर नेहमीच्या शंभर पटींच्या घरात जाते. माणसाचा असा अहवाल आला, तर डॉक्टर आधी यंत्रच तपासतील! बाहेर बर्फ होताना पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्या आक्रसतात; पण ही साखर आणि आधीपासून साठवलेला युरिया यांमुळे त्या पुरत्या कोरड्या पडत नाहीत.

थोडक्यात, सारी तयारी बेडूक जिवंतपणी, स्वतःच्या रक्ताभिसरणावर करतो. क्रायोनिक्सचे काम मृत्यू जाहीर झाल्यानंतर, मेंदूचा प्राणवायू तुटल्यावर सुरू होते. १९६७ साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांचा देह प्रथम असा ठेवला गेला. हे देह उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात. त्या टाकीत हा बेडूकही वाचणार नाही. अलीकडे बर्फ टाळून शरीरातील पाणी काचेसारखे घट्ट करण्याचा प्रयत्न होतो, पण त्यासाठी लागणारी तीव्र रसायने स्वतःच विषारी असतात आणि पुन्हा ऊब देताना ती सगळीकडे सारखी पोचली नाही, तर अवयवाला तडे जातात. आजवर यातला एकही देह जिवंत झालेला नाही, तेव्हा बेडकाला या दाव्याचा साक्षीदार करणे मला पटत नाही.

या संशोधनाची खरी गरज प्रत्यारोपणाला आहे, कारण बर्फात ठेवलेले मानवी मूत्रपिंड साधारण दीड दिवसच टिकते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी काचेसारखी करून १०० दिवसांपर्यंत ठेवलेली उंदरांची मूत्रपिंडे लोहाच्या अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने एकसारखी ऊब देऊन पुन्हा उंदरांत बसवली आणि ती चालली, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले.