९९ सेंटला पुस्तक लावतेयस? थांब जरा

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात पुस्तक अपलोड करतेयस नि किंमत ठेवणार ९९ सेंट, का तर नवीन लेखिकेला जास्त कोण देणार. मी पण अगदी हेच म्हणालेले तेव्हा, त्यामुळे हसत नाहीये तुला, पण आधी हिशोब तरी कर.

केडीपीवर (अ‍ॅमेझॉनची स्वतःच ई-बुक काढून विकायची सोय) अमेरिकेत किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मधे असली तर ७० टक्के रॉयल्टी घेता येते, त्याच्या खाली गेलीस की ३५. म्हणजे ९९ सेंटच्या पुस्तकावर धड ३५ सेंटही हातात पडत नाहीत आणि २.९९ ला दोन डॉलरच्या आसपास पडतात (७० टक्केवाल्यात फाइलच्या साइजप्रमाणे एमबीमागे १५ सेंट डिलिव्हरीचे कापतात, पण तुझ्या कादंबरीत फोटो नाहीत, चिल्लर जाईल). ९९ सेंटच्या सहा कॉपी खपवशील तेव्हा कुठे २.९९ च्या एका कॉपीचे पैसे. आणि सहा अनोळखी अमेरिकन वाचक आणायचे कुठून, ते माहितीये तुला?

मग स्वस्त लावायचंच नाही का, तर लाव की, पण मागे काहीतरी असू दे. सगळेजण अमांडा हॉकिंगचं उदाहरण देतात, मिनेसोटातली ती मुलगी, जिने स्वतःच ई-बुकं काढली आणि २०११ मधे मोठ्या प्रकाशकाने तिच्याशी चार पुस्तकांचा २० लाख डॉलरच्या वरचा करार केला. लोकांच्या डोक्यात राहिलं ते फक्त ९९ सेंट. अगं पण ९९ ला मालिकेतलं पहिलं पुस्तक होतं, पुढची २.९९ ला, आणि ती लिहून तयार होती! पहिलं आवडलं की वाचक त्याच रात्री दुसरं घेणार, कमाई तिथे. तुझ्याकडे आत्ता दुसरं काय आहे? "प्लॉट डोक्यात आहे" हे पुस्तक नाही.

माझाच गाढवपणा सांगते. केडीपी सिलेक्टमधे (ई-बुक फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवायची योजना) ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, तर मी पाचही दिवस सलग ठेवलं, डाउनलोडचा ग्राफ असा वर गेला की मी घरी पेढे आणले. सहाव्या दिवशी ग्राफ आडवा. शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरात 'समाप्त' लिहून मोकळी झालेले, ना पुढच्या पुस्तकाची लिंक ना मेलिंग लिस्ट, ज्यांनी खरंच वाचलं असेल ते गेले कुठे देव जाणे. शिवाय फुकट दिसलं की उचलायचं, वाचायचं कधीच नाही, अशी लोकं भरपूर असतात (माझ्याच किंडलमधे बघ).

म्हणून तुला सांगेन, आत्ता २.९९ ला लाव आणि गप्प बस, रोज उठून किंमत बदलू नकोस. दुसरं आलं की पहिलं थोडे दिवस ९९ ला आण, तेव्हा बघ मजा. सिलेक्टमधे शिरायचं का हे नीट ठरव, त्या ९० दिवसांत ई-बुक दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर त्यात असावंच लागतं. आणि भारतातली किंमत डॉलरवरून आपोआप येते तशी सोडू नको, हाताने टाक, इथे थ्रिलरला अडीचशे रुपये कोण देतंय.

हो, टॅक्सचा फॉर्म भरताना पॅन टाकून भारत-अमेरिका कर करारातला १५ टक्के दर माग, नाहीतर अमेरिकेतल्या रॉयल्टीतून ३० जातात. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं झाली की पाठव, कशीही असली तरी.

तुझी ताई