चित्रपट पाहून रडू आलं, म्हणजे बाबांना घरात घ्यायचं का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या चौतीस वर्षांच्या एक ताई समुपदेशनासाठी आल्या, त्याला निमित्त होतं राजेश मापुस्करांचा ‘व्हेंटिलेटर’ (2016). गणपती तोंडावर आलेले, घरातले काका व्हेंटिलेटरवर आणि सगळं कामेरकर कुटुंब इस्पितळात जमलेलं. बापाशी वर्षानुवर्षं न पटलेला मुलगा त्यात आहे. ताईंनी हा चित्रपट टीव्हीवर पाहिला, रात्रभर रडल्या आणि सकाळी सहा वर्षांनी वडिलांना फोन केला. वडील अकरा महिने दारूशिवाय होते. लगेच म्हणाले, “गणपतीला पाच दिवस येऊ का?” ताई “बघू” म्हणाल्या आणि घाबरल्या. त्यांचा प्रश्न होता, “मी नाही म्हटलं आणि उद्या त्यांनाच नळी लागली तर?”

ही भीती खोटी नाही. श्वासाची नळी स्वरयंत्रातून खाली जाते, त्यामुळे शुद्धीवर असलेला माणूसही बोलू शकत नाही. राहिलेलं बोलणं तिथे एकतर्फीच होतं. पण चित्रपटाला सगळं दोन-अडीच तासांत गाठायचं असतं आणि आजारपण सगळ्यांना एका जागी आणून बसवतं. घरी तसं होत नाही. अपराधाच्या भीतीने दिलेली संधी बहुतेक वेळा पहिल्याच भांडणात परत घेतली जाते, आणि दोन्ही बाजू आधीपेक्षा जास्त दुखावतात.

म्हणून आधी एका प्रश्नाचे तीन केले. माफ करायचं का? संपर्क ठेवायचा का? विश्वास टाकायचा का? पहिल्याचं उत्तर मनातल्या मनात देता येतं, वडिलांना कळवलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्याचं आठवड्याच्या हिशोबात ठरतं. तिसऱ्याचं उत्तर आज देताच येत नाही, कारण त्याचा पुरावा अजून घडायचा आहे. तिघांची गाठ सुटल्यावर ताईंच्या लक्षात आलं की त्यांना हवा होता तो फक्त संपर्क.

मग वडिलांना एका सत्रासाठी बोलावलं. त्यांनी माफी मागितली, पण “चुकलो, पण तेव्हा कारखाना बंद पडला होता” अशी. “पण” आला की माफीचा खुलासा होतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या बारा पायऱ्यांत आठवी पायरी दुखावलेल्या माणसांची यादी करण्याची आहे आणि नववी भरपाईची, तीही कुणाला आणखी इजा होणार नसेल तरच. वडील त्या सभांना जात होते, त्यामुळे मुद्दा त्यांना पटकन कळला. पुढच्या वेळी वहीचा रेघी कागद घेऊन आले. त्यावर चार ओळी होत्या. दुसरी अशी: “तुझ्या बारावीच्या क्लासची फी मी प्यायलो आणि सरांनी घेतली नाही असं तुला खोटं सांगितलं.” ताईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

त्यानंतरची आखणी अशी. सहा आठवडे दर रविवारी वीस मिनिटं फोन. मग बाहेर, उडुपी हॉटेलात एक तास. उठायची वेळ आधी ठरलेली, ताईंचं येणं-जाणं स्वतःचं, पैशांचा विषय नाही. ते नीट जमलं तर गणपतीला अर्धा दिवस, मुक्काम नाही. प्यायले तर काय, हेही शांत डोक्याने आधीच लिहून ठेवलं: त्याच दिवशी त्यांनी स्वतः सांगायचं, आधार स्पॉन्सरकडे (त्या सभांमधल्या, आधी दारू सोडलेल्या सोबत्याकडे) मागायचा, मुलीकडे नाही, आणि भेटी एक महिना थांबतील. दडवलं तर आखणी पुन्हा पहिल्यापासून.

चुकलं दोनदा. चौथ्या रविवारी फोन आला नाही आणि ताईंनी रात्रभर नको ते कल्पिलं. रिचार्ज संपला होता. त्यानंतर नियम केला: जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. दुसरी चूक मोठी होती. वडिलांनी आईसाठी हप्त्यावर नवीन मंगळसूत्र घेतलं, कारण जुनं त्यांनीच विकलं होतं. वर्षानुवर्षांची भरपाई एका दागिन्यात उरकायचा हा मोह फार जणांना पडतो. त्यात डोक्यावर कर्ज चढतं, कर्जाचा ताण आला की ग्लास जवळ येतो, आणि समोरच्यावर “आता तरी मान” असा दबाव पडतो. दागिना परत करायला लावला. त्याऐवजी दरमहा 500 रुपये आईच्या खात्यात, आईने हो म्हटलं तरच.

आणि इथेच उघड झालं की आईला कुणी विचारलंच नव्हतं. मुलीने दिलेली संधी आईच्या वतीने दिलेली नसते. आईने पैसे घेतले, भेट नाकारली. धाकट्या भावाने दोन्ही नाकारलं. दोघांचा नकार आखणीत जसाच्या तसा लिहिला.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मारहाण किंवा धमक्या अजून सुरू असतील तर ही आखणी लागूच होत नाही. तिथे आधी सुरक्षितता, आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तसंच रोज पिणाऱ्याला “आजपासून बंद कर, मग ये” अशी अट घालू नका. दारू एकदम तोडल्यास फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवं.

गणपतीत वडील सकाळच्या आरतीला आले आणि ठरल्याप्रमाणे दोनला निघाले. आई त्या वेळात शेजारच्या काकूंकडे होती. रविवारचा फोन अजून वीसच मिनिटांचा आहे. वाढवायचा का, हे दिवाळीनंतरच्या सत्रात ठरेल.