'रिसेट --हार्ड' दिलं आणि काम गेलं
वाचकांचे प्रश्न : गिट (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम)

प्रश्न (फोंडा) : रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं पान बनवतोय. एक बदल नको होता म्हणून 'गिट रिसेट --हार्ड' (फाइली आधीच्या नोंदीसारख्या करणारी आज्ञा) दिलं, तर दोन दिवसांचं काम गेलं. परत मिळेल का?

उत्तर : ते काम गिटकडे कधी सोपवलं होतं का, यावर सगळं आहे.

कमिट केलं होतं, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवले होते, आणि रिसेटने मागच्या कमिटवर गेलात, तर घाबरू नका. आधी कुठल्या कुठल्या कमिटवर होतात याची यादी दाखवणारं 'गिट रिफ्लॉग' द्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला साधारण सात अक्षरांचा कोड दिसेल. हवा तो कोड घेऊन 'गिट ब्रँच वाचवलेलं' आणि पुढे तो कोड लिहा. अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी एरवी 30 दिवस राहतात, म्हणून आजच करा.

नुसतं 'गिट ॲड' केलं असेल, म्हणजे बदल पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवले असतील, तर सुटा पडलेला मजकूर शोधणारं 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवा. '.गिट' फोल्डरमधल्या 'लॉस्ट-फाउंड/अदर'मध्ये मजकूर सापडतो, पण फाइलींची नावं नसतात. एकेक उघडून ओळखावी लागते. तोवर 'गिट जीसी' (गिटची साफसफाई) मुळीच देऊ नका.

ॲडही केलं नसेल, तर गिटकडे काहीच नाही. फाइल एडिटरमध्ये अजून उघडी असेल तर कंट्रोल-झेड दाबून पाहा. व्हीएस कोड वापरत असाल तर त्याची 'टाइमलाइन' बघा, सेव्ह केलेल्या जुन्या प्रती तिथे असतात.

तुम्हाला खरं तर 'गिट रिस्टोर -पी वेळापत्रक.जेएस' हवं होतं. ते फाइलमधला एकेक तुकडा दाखवून विचारतं, वाय म्हटलं तर तेवढाच बदल पुसतं. आधी 'गिट डिफ' देऊन काय बदललंय ते वाचा. मन होत नसेल तर पुसूच नका, 'गिट स्टॅश' करून बाजूला ठेवा, 'गिट स्टॅश पॉप'ने परत घ्या. आणि चालणारा प्रत्येक छोटा बदल लगेच कमिट करा, दोन दिवस थांबू नका.

प्रश्न (म्हापसा) : कमिट केलं म्हणजे बॅकअप झाला ना?

उत्तर : नाही. कमिट तुमच्याच लॅपटॉपवर असतं. पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने डिस्क गेली तर तेही जाईल. रिमोट (दुसऱ्या ठिकाणची, बहुधा सर्व्हरवरची प्रत) जोडलेला असेल तर कमिट तिकडे पाठवा: पहिल्यांदा 'गिट पुश -यू ओरिजिन मेन', नंतर नुसतं 'गिट पुश'. 'रिजेक्टेड' आलं तर बहुतेक सोबत्याने आधी पुश केलेलं असतं. त्याचे बदल आणून तुमचे त्यावर ठेवणारं 'गिट पुल --रिबेस' करून पुन्हा पुश करा. पुशला '--फोर्स' लावलंत तर त्याचं काम रिमोटवरून पुसलं जाईल.